बूट घालून उघडलेला शालू

साडी दाखवायची म्हणजे नुसती उलगडायची नसते. घडी डाव्या तळहातावर घ्यायची, उजव्या अंगठ्याने पदराचं टोक मोकळं करायचं आणि मनगटाला एकच झटका द्यायचा. साडी पसरते, आणि पसरताना पदर गिऱ्हाइकाच्या गुडघ्यापाशी जाऊन थांबला पाहिजे. पुढे गेला तर अंगावर फेकल्यासारखं होतं. अलीकडे राहिला तर बाईला वाकावं लागतं, आणि वाकून पाहिलेली साडी सहसा घेतली जात नाही. हे मी अंदाजाने सांगत नाही. दादरच्या एका दुकानात सव्वीस वर्षं गादीवर बसून पाहिलेलं सांगतो. पुढची तीन वर्षं मी त्याच दुकानात आहे, पण गादीवर नाही. लिहायचं आहे ते त्या तीन वर्षांबद्दल. त्यासाठी आधी गादी म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण तिशीतल्या वाचकांनी ती बहुधा पाहिलेली नसेल.

साडीच्या जुन्या दुकानांत काउंटर नसे. भिंतीलगत कपाटं, कपाटांपुढे फूटभर उंचीचा लाकडी ओटा, ओट्यावर गादी आणि तिच्यावर धुतलेली पांढरी चादर. चपला खाली काढून गिऱ्हाईक वर येऊन बसायचं, आम्ही समोर. विकणारा आणि घेणारा एकाच उंचीवर, मांडी घालून. आमचे मालक अण्णा यांचा एक नियम होता. ज्या कापडाने उद्या कुणाची तरी ओटी भरली जाणार, ते पायात काही घालून उघडायचं नाही. नोकरीला लागलो त्या दिवशी त्यांनी मला हे एकदाच सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायची वेळ कुणीच त्यांच्यावर आणली नाही.

आमच्याकडे मुख्य काम बस्त्याचं. लग्नाची सगळी कापडखरेदी एकाच बैठकीत करायची, त्याला बस्ता म्हणतात. दोन्हीकडची पाच-सात माणसं येतात. नवरीचा शालू, मुहूर्ताची पिवळी साडी, मग विहिणी, माम्या, आत्या, करवल्या. एका बस्त्याला तीन तास लागतात, कधी सहाही. यात साडी दाखवणं हे काम निम्मंच. उरलेलं निम्मं म्हणजे कुणाचा मान कुठे अडलाय हे ओळखणं.

ते ओळखावं मधू नाईकनेच. मधू माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, गिरगावात वाढलेला, आवाज बारीक, हात मात्र असे की साडी त्याच्या हातून सुटली की हवेत क्षणभर थांबते असं वाटायचं. थांबत नाही हे मला माहीत आहे. तरी वाटायचं.

एकदा एका बस्त्याला मुलाची आत्या भिंतीकडे तोंड करून बसली होती. काही विचारलं की एकच उत्तर, "मला काहीही चालेल." आमच्या धंद्यात याइतकं धोक्याचं वाक्य दुसरं नाही. सगळा बस्ता मोडू शकतो. मधूने तिला एकही साडी दाखवली नाही. नवरीसाठी बाजूला काढलेला शालू उचलून तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "आत्या, पोरगी दिवसभर नेसणार आहे हा. जड होईल का, तुम्ही सांगा." आत्यांनी शालू दोन्ही हातांवर तोलला. मग दुसरा मागवला, मग तिसरा. नवरीचा शालू शेवटी त्यांनीच ठरवला, आणि स्वतःसाठी विहिणीने निवडलेली साडी मुकाट्याने घेतली. नंतर घड्या घालताना मधू मला म्हणाला, "तिला घरात कुणी काही विचारलं नव्हतं रे. आपण विचारलं."

माझं डोकं वेगळ्या प्रकारचं. मला रंगांपेक्षा आकडे आठवतात. कुठल्या कपाटात कुठल्या छटेच्या किती साड्या उरल्यात, कुठल्या घरी दोन वर्षांपूर्वी काय गेलंय, शालूचं वजन किती, पन्हा किती. मधू म्हणायचा, "पाटकर, तू साडी विकत नाहीस, जनगणना करतोस." पण मध्येच एखादी साडी सापडेना की हाक मलाच मारायचा. मी बसल्या जागेवरून सांगायचो, डावीकडून तिसरं कपाट, खालून दुसरा कप्पा. आमची जोडी चांगली चालली.

दुकानातलं एक कपाट मात्र इथे सांगायला हवं. अगदी टोकाचं. बदामी, मोतिया, राखाडी, फिकट जांभळा असे रंग त्यात. त्याला आम्ही आईकपाट म्हणायचो. पन्नाशी ओलांडलेली बाई समोर बसली की आमचा हात आपोआप त्या कपाटाकडे जाई आणि तोंडातून वाक्य येई, "तुमच्या वयाला शोभेल असं दाखवतो." बहुतेक बायका मान डोलवायच्या. एकदा गिरगावातल्या एका निवृत्त शाळामास्तरीण बाईंनी डोलावली नाही. भाचीच्या लग्नाला राणी रंग हवा होता त्यांना. मी सवयीने बदामी उघडली, तर म्हणाल्या, "मी तुम्हाला साडी विचारली. वय तुम्हाला कुणी विचारलं?" मधू शेजारी खाली मान घालून हसत होता. बाई राणी रंग घेऊन गेल्या, आणि तो त्यांना छान दिसला असणार. तरी आईकपाट होतं तिथेच राहिलं. नव्या दुकानातही आहे. फक्त आता त्यावर इंग्रजी पाटी आहे.

अण्णा गेले आणि दुकान निखिलकडे आलं. त्याला मी वाईट म्हणणार नाही. रस्त्यापलीकडे दोन नवी दुकानं झाली होती, मुली फोनवरून साड्या मागवत होत्या, आणि बापाच्या पद्धतीने चालवलं असतं तर दुकान बंद पडलं असतं. हे मला कळत होतं. त्याने गादी काढली, काचेचे काउंटर आणले, पांढरे दिवे लावले. आम्हाला काळी पँट, काळा शर्ट आणि काळे बूट आले. चादरींची फडकी झाली, नव्या काचा पुसायला. एक फडकं बरेच दिवस माझ्या काउंटरखाली होतं. त्याच्या कडेची शिवण मी ओळखायचो.

तेव्हा मी एकोणपन्नास वर्षांचा होतो, मधू सत्तावन्नचा. आमच्याबरोबरचे बाकीचे त्या सुमारास एकेक करून गेले. काही गावी, काही घरी. त्यांच्या जागी पंचविशीतल्या मुली आल्या. निखिल म्हणायचा, नवरीला तिच्या वयाचं माणूस समोर लागतं. असेलही. पण मी गेल्या वर्षांच्या बस्त्यांचा मनात धांडोळा घेतला, तर साडी पसंत करणारी बोटं बहुतेक वेळा आईची, मावशीची, आत्याचीच निघाली. निखिलला हे सांगितलं तर तो हसून म्हणाला, "काका, तुमचा हिशेब जुन्या गिऱ्हाइकांचा आहे."

मला तेव्हाच समजलं की आता एकच गोष्ट जपायची आहे. गिऱ्हाइकासमोरची जागा. काम कुठेही मिळतं, निदान तसं म्हणतात. पण मला येत होतं ते माणसासमोरच येत होतं. गोदामात किंवा हिशेबात मी कुणीच नव्हतो.

मधूलाही तेच वाटत असणार, कारण त्याने केसांना कलप लावायला सुरुवात केली. एक रविवार सोडून एक रविवार. सोमवारी कानामागे काळा डाग दिसायचा. मला म्हणाला, "तूही लाव रे. अर्धं डोकं पांढरं घेऊन कसला उभा राहतोस? दहा वर्षांनी कमी दिसशील."

मी म्हटलं, "दहा वर्षांनी कमी दिसलो तरी एकोणचाळीसचाच. इथे ते पण म्हातारं."

तो हसला, पण जरा उशिरा.

बूट त्याला जमले नाहीत. म्हणजे पायात बसत होते, पण शालू उघडायची वेळ आली की तो काउंटरमागे गुपचूप बूट काढून ठेवायचा. काउंटर छातीपर्यंत. कुणाला दिसत नव्हतं. मी मात्र पहिल्या महिन्यातच बूट घालून शालू उघडायला शिकलो. पहिल्यांदा हात अडखळला. दुसऱ्यांदा नाही.

एका दुपारी एक नवरी मैत्रिणींबरोबर आली. मैत्रीण सगळं फोनवर टिपत होती. मधूने शालू उघडला, नवरीच्या खांद्यावर कसा दिसेल ते दाखवायला काउंटरला वळसा घालून पुढे आला आणि पदर तिच्या अंगावर टाकला. पदर सुरेख पडला. मुलगी आरशात बघून लाजली. मधू अनवाणी होता. तो व्हिडिओ दुकानाचं नाव लावून मैत्रिणीने टाकला. खाली कुणीतरी लिहिलं, आजोबा घरून पळून आलेत का? त्यावर पुष्कळ लोक हसले.

निखिलने दुसऱ्या दिवशी त्याला बोलावलं. मी तिथेच होतो, साड्यांचा गठ्ठा घेऊन.

"नाईककाका, बूट कुठे होते?"

"काउंटरखाली."

"का पण?"

"शालू होता."

निखिलला खरंच कळलं नाही. तो वाट बघत राहिला, पुढे काहीतरी कारण येईल म्हणून. मग मधू शांतपणे म्हणाला, "निखिल, तू चार वर्षांचा असताना बुटासकट गादीवर चढला होतास. अण्णांनी तुला उतरवलं. तुझे बूट मी काढले होते."

निखिलने मान खाली घातली. त्याला आठवत असावं. पण वर बघून म्हणाला, "काका, ते दुकान वेगळं होतं."

लोअर परळला एका गाळ्यात आमचं गोदाम आहे. मधूला तिथे जायला सांगितलं. पगार तोच, बसायला खुर्ची. मधूने विचारलं, "तिथे माणसं येतात का?" निखिल म्हणाला, टेम्पोवाले येतात. पुढच्या सोमवारी मधूने राजीनामा दिला. निघताना माझ्याजवळ आला, माझ्या बुटांकडे बघितलं आणि म्हणाला, "तू घाल. तुझं अजून बरंच व्हायचंय." आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडलो असतो, आणि भांडण मिटवता आलं असतं. नंतर मी बरेचदा फोन केला. त्याने उचलला नाही.

माझी पाळी त्या दिवाळीनंतर आली. निखिलने चहा मागवला, तेव्हाच मी ओळखलं. म्हणाला, "पाटकरकाका, दिवसभर उभं राहणं आता बरं नाही. तुमच्या वयाला शोभेल असं काहीतरी बघतोय मी."

मला टोकाचं कपाट आठवलं. बदामी, मोतिया, राखाडी. मी म्हटलं, माझे गुडघे ठीक आहेत. ते खरं होतं. निखिल म्हणाला, "अहो, तुमच्या भल्यासाठीच सांगतोय." मी महिनाभर वेळ मागितला.

त्या महिन्यात मी एक प्रयत्न केला. लोअर परळच्या एका मॉलमध्ये साड्यांचं मोठं दालन निघालं होतं, तिथे अर्ज टाकला. तो मॉल गिरणीच्या जागेवर आहे. माझे वडील गिरणीत विणकर होते, पण ती गिरणी ही नव्हे, शेजारची. उगाच योग जुळवून सांगत नाही. मुलाखत घेणारी मुलगी नम्र होती. तिने विचारलं, "सर, तुमची एनर्जी लेव्हल कशी आहे?" मला प्रश्न समजला नाही. मी सांगितलं, सलग सहा तासांचा बस्ता बसवू शकतो. तिला बस्ता समजला नाही. मी समजावला. तिने मन लावून ऐकलं, शेवटी म्हणाली, "सो स्वीट." बाहेर रांगेत बसलेली मुलं माझ्या मुलीच्या वयाची होती. एकाने मला बघून खुर्ची दिली. त्याला वाटलं मी कुणाचा तरी बाप आहे, मुलाला सोडायला आलोय. मी आभार मानून बसलो. त्या दालनातून फोन आला नाही.

मी घोडपदेवला चाळीत राहतो. त्या रात्री जेवताना मी हे सगळं बायकोला सांगितलं. सुनीता बालवाडीत शिकवते, फार हळहळत नाही. तिने भात वाढला आणि म्हणाली, "अहो, तुम्ही दरवेळी जागा वाचवायला जाता. काम वाचवा ना. जागा काय, दुकान त्यांचंच आहे."

मी म्हटलं, जागा आणि काम एकच आहे माझ्यासाठी.

"मग दोन्ही जाईल," ती म्हणाली.

मला राग आला. दोन दिवस आला. तिसऱ्या दिवशी मी निखिलकडे गेलो.

दुकानाच्या पोटमाळ्यावर एक खोली आहे. तिथे श्रावणी नावाची मुलगी रोज दुपारी फोनसमोर साड्या दाखवायची आणि ठिकठिकाणच्या बायका घरबसल्या बघून मागवायच्या. चोवीस वर्षांची, लालबागची, जिभेला धार. मी जिन्यातून तिला ऐकलं होतं. तिला प्रत्येक साडी ब्यूटिफुल होती. इरकलही ब्यूटिफुल आणि पैठणीही. मी निखिलला म्हटलं, मला आठवडाभर तिच्याबरोबर बसू दे. त्याला आश्चर्य वाटलं. पण नाही म्हणाला नाही.

पहिल्या दिवशी साड्या मी उघडल्या. तिथे झटका चालत नाही, पदर फोनवर जाऊन आदळतो. ते मी लवकर शिकलो. संध्याकाळी निखिलने तो व्हिडिओ पाहिला आणि माझे हात दिसले तिथे थांबवला. माझी बोटं जाड आहेत, शिरा वर आलेल्या. मग म्हणाला, "काका, फ्रेममध्ये श्रावणीचे हात ठेवू. बोला तुम्ही. आवाजाला वय कळत नाही." ते त्याने कौतुकाने म्हटलं होतं, म्हणून मी ते कौतुक म्हणून घेतलं.

तेव्हापासून असं चाललंय. श्रावणी फोनसमोर, मी फोनच्या मागे एका स्टुलावर. ती उघडते, मी सांगतो. श्रावणीने पहिल्याच आठवड्यात मला बजावलं, "काका, दोन सेकंदांच्या वर गप्प बसू नका. लोक निघून जातात." गादीवर गप्प बसणं हेच अर्धं कसब होतं. बाई साडीकडे बघतेय, मनात घरच्यांशी बोलतेय, तेव्हा आपण तोंड उघडायचं नाही. ते विसरावं लागलं. त्याच्याऐवजी दुसरं शिकलो. फोनवर लाल आणि डाळिंबी सारखेच दिसतात. म्हणून मी सांगतो, हा पिकलेल्या डाळिंबाच्या दाण्याचा, तो सालीचा. वजन दिसत नाही, म्हणून सांगतो, ही नेसून पंगतीत वाढता येईल, ती नेसून फक्त बसता येईल. बायका हसतात, लिहितात, प्रश्न विचारतात. विक्री बरी होते. निखिल खूश आहे. माझ्याकडून श्रावणी साडीची उलटी बाजू आधी बघायला शिकली. विणकराचा प्रामाणिकपणा तिथे दिसतो. आता ती नव्या मालातले दोष माझ्याआधी काढते, आणि वर मला म्हणते, "काका, चष्म्याचा नंबर बदला."

हे काम मला येतं. अभिमानाने सांगतो. पण मी आता दुपारभर बायकांशी बोलतो आणि एकीचाही चेहरा मला दिसत नाही. अक्षरं दिसतात. कोण भिंतीकडे तोंड करून बसलंय, ते कळत नाही.

आता शेवटचं सांगतो. घडलं ते गेल्या लग्नसराईत.

दुकानाने नवी सोय काढली होती. घरच्यांनी व्हिडिओ कॉल करायचा आणि आम्ही फक्त त्यांच्यासाठी बस्ता दाखवायचा. श्रावणीने एका दिवशी सांगितलं, दुपारी गिरगावचे नाईक आहेत. गिरगावात नाईक पुष्कळ. मी विचार केला नाही. कॉल लागला, एका मुलीने नमस्कार केला, श्रावणीने पहिली साडी उघडली आणि मी बोलायला लागलो. दोन वाक्यं झाली असतील. पलीकडून बाईचा आवाज आला, "हा पाटकरभावोजींचा आवाज."

मंदावहिनी. मधूची बायको. नवरी म्हणजे प्राची, जिच्या बारशाला मी गेलो होतो.

मी म्हटलं, "वहिनी, गिरगावात दुकानं काय कमी आहेत?"

प्राची म्हणाली, "बाबा म्हणाले, साडी पाटकरकाकांकडूनच घ्यायची. दुकानात यायला मात्र तयार नाहीत."

तेवढ्यात पडद्याच्या बाहेरून कुणीतरी खोकलं. दोन वर्षं ऐकला नव्हता तरी तो खोकला मी ओळखला. मी काही बोललो नाही, तोही नाही. श्रावणीने माझ्याकडे बघून दोन बोटं वर केली. दोन सेकंद. मी बोलायला लागलो.

बस्ता सुरू झाला. मी इकडून सांगत होतो. तिकडून, न दिसणाऱ्या कोपऱ्यातून, अधूनमधून एखादा शब्द येत होता. "पदर आधी." "दिव्याखाली धरा." "उलटी दाखव." श्रावणीच्या हातांना दोघं म्हातारे दोन बाजूंनी हाकत होतो. ती एकदा तोंडातल्या तोंडात म्हणाली, "बापरे, तिकडे पण एक आहेत."

नवऱ्याच्या आईची झाली, मामींची झाली. मग प्राची म्हणाली, आता आईसाठी. मी सवयीने श्रावणीला खुणावलं, टोकाचं कपाट, वरचा कप्पा, बदामी. ती जिन्याकडे वळली, तोच आवाज आला.

"पाटकर, तिला वयाला शोभेल असलं काही काढू नकोस रे."

वहिनी हसल्या. प्राचीही हसली. मी श्रावणीला म्हटलं, दुसरं कपाट, मधला कप्पा, राणी रंगाची. बारीक सोनेरी काठ. वहिनींनी ती घेतली. दुसरी बघितलीसुद्धा नाही.

मग प्राचीनेच हट्ट केला. काकांना बघायचंय म्हणाली. मी नको म्हणायच्या आत श्रावणीने फोन माझ्याकडे फिरवला. तिकडे प्राचीने आपला फोन कोपऱ्याकडे फिरवला.

मधू खिडकीशी खुर्चीवर बसला होता. सगळे केस पांढरे. भुवयासुद्धा. आठ वर्षांनी मोठा आहे हे मला माहीत होतं, पण दिसलं त्या दिवशी पहिल्यांदा.

"तसाच दिसतोस," तो म्हणाला.

मला तसंच म्हणता आलं नाही. मी विचारलं, "सध्या काय करतोस?" तो म्हणाला, "काही नाही. सकाळी हिच्या साड्यांच्या घड्या घालतो. तिला आवडत नाही." वहिनी मागून म्हणाल्या, रोज त्याच त्या साड्या काढतात आणि पुन्हा घड्या घालतात. मधूने मान वळवली. प्राचीने फोन परत स्वतःकडे घेतला.

शालू शेवटी ठेवला होता. श्रावणीने तो तळहातावर घेतला. मी शिकवला तसा, अंगठा पदराच्या टोकाशी. उघडणार, तोच पुन्हा मधूचा आवाज आला. बारीक, पूर्वीसारखाच.

"थांब. पाटकर, पायात काय आहे?"

फोनच्या मागे मी कुणाला दिसत नाही. पहिल्या दिवसापासून मला तिथे अनवाणी बसता आलं असतं. कुणी विचारलं नसतं. मी खाली बघितलं.

"बूट आहेत," मी म्हटलं.

मग तो म्हणाला, "असू दे. दाखव."

श्रावणीला गादी माहीत नव्हती, अण्णा माहीत नव्हते. ती माझ्या बुटांकडे बघत होती. मग हातातला शालू जराही न हलवता तिने पायानेच पाय घासून आपले बूट काढले आणि बाजूला सरकवले. आणि माझी वाट बघत उभी राहिली.

मी वाकलो. लेसच्या गाठी घट्ट होत्या आणि माझी बोटं जाड आहेत. दोन सेकंदांहून पुष्कळच जास्त वेळ लागला. त्या सगळ्या वेळात कुणी काही बोललं नाही, आणि तिकडे कुणी फोन ठेवला नाही.